भातकुली तालुक्यातील बालकांचे उपचार आणि विम्याची व्यवस्था

पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातील भातकुली तालुक्याच्या आरोग्येतिहासात २०१२ हे वर्ष नमूद करण्याजोगे आहे. त्या वर्षी २ जुलै रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या ८ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळू लागले. हप्ता शासन भरीत असे. २०१७ मध्ये या योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. दरम्यान २०१३ मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला होता. त्याच्या पथकांनी अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा व शाळेतील एकदा तपासावयाची होती. हृदयास छिद्र असलेल्या बालकाच्या बाबतीत हा मेळ उत्तम बसतो : पथकाने दोष हेरावा, विम्याने शस्त्रक्रियेचा भार उचलावा.

परंतु मेंदूच्या पक्षाघाताने पीडित बालकास वर्षानुवर्षे व्यायामोपचार लागतात, आणि जीवनदायीची रचना तर रुग्णालयातील ठराविक सुमारे ९७० उपचारांभोवती झालेली. बाह्यरुग्ण उपचारांचा व थेरपीचा खर्च देणारी, एक लाख रुपये मर्यादेची ‘निरामय’ योजना राष्ट्रीय न्यासाने २००८ मध्येच काढली होती. मात्र तिच्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र वेगळे मिळवावे लागे व नोंदणीही वेगळी करावी लागे. जीवनदायीचा आरोग्यमित्र रुग्णालयात बसे. या दोन योजनांचे कागद जुळविण्याचे काम कोणत्याही एका कर्मचाऱ्याकडे सोपविलेले नव्हते. ते बहुधा आईकडेच आले, आणि त्यासाठी भातकुलीहून अमरावतीस घातलेल्या खेपांत बुडालेली मजुरी कोणत्याच विम्यात धरली गेली नाही.