मात्रेचा प्रश्न : मज्जातंतुवेदनेवरील गांजाच्या उपचाराचा इतिहास

गांजा हे एके काळी पाश्चात्त्य वैद्यकात मान्यता पावलेले औषध होते आणि विसाव्या शतकातील मादकद्रव्यविरोधी कायद्यांनी ते वैद्यांच्या हातून हिरावून घेतले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज अर्धसत्य होय. मज्जातंतूंच्या विकृतीतून उद्भवणाऱ्या वेदनेपुरता हा इतिहास तपासला, तर या औषधाची पीछेहाट कायद्यापूर्वीच सुरू झाल्याचे दिसून येते. तिचे मुख्य कारण मात्रेच्या अनिश्चिततेत शोधावे लागते.

युरोपीय वैद्यकाला गांजाचा पद्धतशीर परिचय घडला तो कलकत्त्याहून. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी आपला निबंध १८३९ साली वाचला. भांग, गांजा व चरस यांचे गुण येथील वैद्य-हकिमांना पूर्वापार ठाऊक होते. ओशॉनेसींनी ती माहिती मिळवली, प्राण्यांवर प्रयोग केले आणि मग संधिवाताच्या तीन रुग्णांना गांजाच्या राळेचा प्रत्येकी एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, दिला. त्यांपैकी एक काही तासांत निश्चेष्ट झाला. त्याचा हात ज्या स्थितीत ठेवावा त्याच स्थितीत राहू लागला. दुसऱ्या एकावर काहीच परिणाम झाला नाही. तो चिलीम ओढणारा निघाला. एकाच मात्रेचे इतके भिन्न परिणाम व्हावेत, ही अडचण अशा रीतीने पहिल्याच प्रयोगात प्रकट झाली होती.

लंडनचे विख्यात वैद्य जॉन रसेल रेनल्ड्स यांनी ३० वर्षांहून अधिक काळचा आपला अनुभव १८९० साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. मज्जातंतुशूलात, विशेषतः चेहऱ्याच्या तीव्र शूलात, हे औषध अतिशय उपयुक्त असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. परंतु प्रत्येक वेदनेवर ते चालते असे त्यांनी म्हटले नाही. कटिस्नायुशूलात ते निरुपयोगी ठरते असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. अर्काची शक्ती प्रत्येक वेळी वेगळी असते, म्हणून तो एकाच ठिकाणाहून घ्यावा, अल्प मात्रेने आरंभ करावा व ती क्रमाने वाढवावी, असा त्यांचा सल्ला होता.

हा सल्ला शहाणपणाचा असला तरी सामान्य वैद्याला पेलणारा नव्हता. त्याच काळात मॉर्फिन निश्चित मात्रेत, सुईने टोचून देता येत होते; १८९९ पासून ॲस्पिरिनही बाजारात आले. गांजाची राळ पाण्यात विरघळत नसे, आणि साठवणीत तिची शक्ती क्षीण होई. केंब्रिज येथील वुड, स्पिव्ही व ईस्टरफील्ड यांनी चरसापासून कॅनाबिनॉल वेगळे केले. पण मादक गुणाचे मुख्य द्रव्य ते नव्हे, हे पुढे सिद्ध झाले. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधकोशातून आणि १९४२ मध्ये अमेरिकी औषधकोशातून गांजा वगळला गेला. अमेरिकेतील १९३७ च्या कर-कायद्याने त्याचा वापर दुष्कर केला हे खरे. पण तोवर वैद्यांचा विश्वास बराचसा ढळलेला होता.

मात्रेचे कोडे रसायनशास्त्राने उलगडले, ते मात्र फार उशिरा. कॅनाबिडिऑल हे द्रव्य रॉजर ॲडम्स यांनी १९४० साली वेगळे केले. १९६४ मध्ये इस्राएलमधील येहीएल गाओनी व राफाएल मेशूलम यांनी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल शुद्ध रूपात मिळवून त्याची रचना निश्चित केली. १९८८ मध्ये उंदराच्या मेंदूत या द्रव्याचा ग्राही सापडला. १९९२ मध्ये शरीर स्वतःच निर्माण करीत असलेला तत्सम रेणू हाती लागला. त्याला संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदामाइड’ असे नाव देण्यात आले. वेदनेचे संदेश वाहणाऱ्या मार्गांवर हे ग्राही असल्याने वेदनाशमनाचा उलगडा झाला. परंतु मेंदूतील त्याच ग्राहींमुळे कैफही चढतो, हेही कळून चुकले.

आता मात्रा मोजता येते. मग गुण किती? सॅन फ्रान्सिस्को येथे एचआयव्हीजन्य मज्जाविकाराच्या ५० रुग्णांवर झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गांजा ओढणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांची वेदना ३० टक्क्यांहून अधिक घटली. सत्त्व काढून टाकलेला गांजा ओढणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. उलट, कॉक्रेन संस्थेने २०१८ साली १६ चाचण्यांतील १,७५० रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. त्यात वेदना निम्म्याने वा अधिक उतरलेले रुग्ण २१ टक्के, तर औषधाभास घेतलेल्यांत १७ टक्के आढळले. मज्जासंस्थेवरील दुष्परिणाम मात्र अनुक्रमे ६१ व २९ टक्क्यांत दिसले. हा पुरावाही पुरेसा भक्कम नसल्याचे आढावाकर्त्यांनी नमूद केले आहे.

मग रेनल्ड्स चुकले होते काय? तसे म्हणण्याची घाई करू नये. त्यांच्याजवळ तुलनेसाठी औषधाभास घेणारा गट नव्हता, ही त्यांच्या पुराव्यातील मोठी उणीव होय. परंतु ते रुग्ण निवडून घेत आणि मात्रा एकेका रुग्णापुरती ठरवीत. आढाव्यातील आकडे निरनिराळ्या विकारांच्या रुग्णांची सरासरी सांगतात. दोहोंचे प्रश्न वेगळे आहेत. कोणत्या प्रकारच्या मज्जातंतुवेदनेत, कोणत्या रुग्णाला, कैफ चढण्यापूर्वीच आराम मिळेल, हा रेनल्ड्सनी उभा केलेला प्रश्न सरासरीने निकालात निघत नाही. रसायनशास्त्राने औषधाची मात्रा निश्चित करून दिली. रुग्णाची निवड निश्चित करण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.