दोन पाण्यांचे डाग

शाईचा डाग पडतो, हळदीचा पडतो, पानाच्या पिंकेचा तर हमखास पडतो. पण पाण्याचा? ज्यानं डाग धुवायचे त्याचाच डाग पडावा, हे ऐकायलाच चमत्कारिक वाटतं. तरी काचेच्या पेल्यावर, स्टीलच्या ताटावर, काळ्या कपड्यावर तो पडतो. पाणी उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार मागं राहतात. म्हणजे खरं तर तो डाग पाण्याचा नसून पाणी जिथून आलं त्या जागेचा असतो. आमच्या रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहा हे शेजारचे तालुके, पण त्यांच्या डागांचा इतिहास अगदी निराळा.

रोहा कुंडलिकेच्या काठावर. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात खडखडीत होतात, ही मात्र वाहत राहते. त्याचं कारण घाटावर आहे. मुळशीला टाटांचं धरण होऊ लागलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढं होते. तीनेक वर्षं लढून लोक हरले, गावं पाण्याखाली गेली. भीमेकडं, म्हणजे पूर्वेला जाणारं ते पाणी १९२७ पासून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागलं आणि तिथून कुंडलिकेत आलं. सह्याद्रीच्या पावसाचं हे पाणी, क्षार कमी. साबणाला फेस भरपूर, भांड्यावर डाग जवळजवळ नाही. (धाटावचे कारखाने आल्यावर नदीचं काय झालं, तो वेगळ्या भाषणाचा विषय.)

पेणच्या खारेपाटाची गोष्ट उलटी. तिथली शेती लोकांनी खाडीला बांध घालून समुद्राकडून मिळवलेली. अशा जमिनींना शिलोत्री म्हणत. १९४८ साली मुंबई सरकारनं खार जमिनींसाठी कायदाही केला. पण उधाणाला बांध फुटतो, भातात खारं पाणी शिरतं. विहिरीही मचूळ. प्यायला पावसाचं साठवलेलं तळ्याचं पाणी, तेही उन्हाळ्यात तळाला जातं.

माझी नानी खारेपाटातली. तिच्या दोरीवर वाळलेल्या काळ्या लुगड्यावर पांढरे नकाशे उमटत. पावसाळ्यात तेच कापड दमट लागे, कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं. कपडे ती मचूळ पाण्यात धुवायची आणि अखेरचं खळबळणं एका कळशीभर गोड्या पाण्यात. रोह्याला लेकीकडं येताना मात्र चादरींचं बोचकं बरोबर आणायची. पाहुणी म्हणून आली की धुणं घेऊन आली, यावर घरात थट्टा चाले.

मिठाच्या डागाला गोड्या पाण्याशिवाय औषध नाही. चुन्याचा डाग, जो बोअरवेलच्या पाण्यानं नळाच्या तोटीवर आणि काचेवर बसतो, तो आंबटाला भितो. पाणी घातलेला लिंबाचा रस किंवा शिरका दहा मिनिटं लावून ठेवावा, पुसावा, धुऊन टाकावा. संगमरवरावर किंवा शहाबादी फरशीवर हा उपाय कधीच करू नये. ते दगड चुन्याचेच, आंबट त्यांनाच खातं. रेशमावर थेंब सुकला तर कडेला रेघ उठते. तेवढीच जागा चोळली की ती आणखी ठळक होते. त्यापेक्षा सगळ्या कापडाला सारखी वाफ द्यावी आणि सावलीत वाळवावं. पॉलिश केलेल्या टेबलावर पेल्याचं पांढरं कडं उठतं, तो पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा असतो. वर सुती फडकं टाकून कोमट इस्त्री क्षणभर फिरवली की बहुधा जातं.

हे सगळे उपाय स्वस्त आहेत. महाग आहे ते गोडं पाणी. हेटवणे धरण पेण तालुक्यातच बांधलं गेलं. त्याचं पाणी नवी मुंबईला गेलं, तिथल्या इमारतींच्या काचा त्या पाण्यानं धुतल्या गेल्या. खारेपाटातल्या गावांनी त्याच पाण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या बाया टँकरची वाट बघत रस्त्याला उभ्या राहिल्या.