मावळच्या लेण्यांतील रचना आणि आपले मंदिर

ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार होत असताना स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी समितीची आज्ञा झाली. मी काही कलावंत नव्हे, तालुका कचेरीतील एक कारकून. परंतु आपल्या मावळात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी रचनेचे जे धडे खडकात कोरून ठेवले, त्यांचे स्मरण या प्रसंगी व्हावे, एवढाच हेतू.

चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना तोल, प्रमाण, लय, प्राधान्य व एकसूत्रता ही तत्त्वे शिकवितात. ती डोळ्यांनी पाहावयाची तर कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील हे लेणे सुमारे १२४ फूट लांब व ४५ फूट उंच आहे. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा खांब समोरासमोर उभे आहेत, हा तोल. खांबामागून खांब, त्यांवर गुडघे टेकलेले हत्ती व वर बसलेल्या जोड्या, छताला ओळीने लाकडी कमानी, ही लय. दर्शनी कमानीतून येणारा उजेड नजरेला थेट स्तूपाकडे नेतो, हे प्राधान्य. स्तूपामागील सात खांब मात्र अगदी साधे आहेत, त्यामुळे नजर स्तूपावरच ठरते. भाजे येथील चैत्यगृह त्याहून जुने. तेथील २७ अष्टकोनी खांबांवर नक्षी फारशी नाही, तरी नुसत्या प्रमाणबद्धतेने मन निवते.

देणगीदार बंधुभगिनींनी ध्यानी घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. कार्ल्याचे काम एकट्या धनिकाचे नाही. तेथील शिलालेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसेच धेनुकाकटचे रहिवासी, यवन, सामी नावाचा सुतार आणि एका दरवाजाचे दान करणारा गंधी सिंहदत्तही आहे. खांब निरनिराळ्या दात्यांचे, नावे खांबांवर कोरलेली. पण कोणाचा खांब ओळ सोडून पुढे आलेला नाही. हीच एकसूत्रता.

आपल्याकडे देणगीच्या फरशा कोठे बसवाव्यात व जुन्या दगडी खांबांना ऑइलपेंट द्यावा काय, यावर दोन मते आहेत. माझी नम्र सूचना अशी की, रक्कम लहान असो वा मोठी, सर्व फरशा एकाच मापाच्या असाव्यात व बाहेरच्या भिंतीवर एका ओळीत लावाव्यात. गाभाऱ्याची भिंत मोकळी राहू द्यावी, म्हणजे दर्शनाला आलेल्याची नजर देवावरच जाईल. दगडाला रंग न देता तो स्वच्छ धुऊन घ्यावा. घडविणाऱ्याच्या छिन्नीची रेघ पुढच्या पिढीलाही दिसली पाहिजे.

नाव राहावे असे कोणाला वाटत नाही? कार्ल्याच्या दात्यांची नावे आजवर राहिली, ती ओळीत राहिल्यामुळे शोभून दिसतात. गावकरी मंडळींनी याचा विचार करावा, ही विनंती.