कॅसेटींवरचा ग्रेटफुल डेड

ग्रेटफुल डेड हा रॉक बँड १९६५ साली कॅलिफोर्नियात उभा राहिला. त्यांची प्रत्येक मैफल वेगळी असे. तेच गाणे आज दहा मिनिटे, तर उद्या वीस मिनिटे रंगे. म्हणूनच चाहते मैफली ध्वनिमुद्रित करू लागले. अशा ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची गर्दी वाढली तशी १९८४ मध्ये बँडने त्यांच्यासाठी ध्वनिनियंत्रकाच्या मागे वेगळी जागाच राखली. तिथे उंच काठ्यांवर मायक्रोफोन दाटीने उभे असत. टेप विकायची मात्र नाही, हा दंडक. नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवावा, जुन्या चाहत्याने त्या भरून परत धाडाव्यात, अशी रीत पडली. १९९५ मध्ये बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया गेला आणि बँड थांबला; कॅसेटींची देवघेव चालूच राहिली.