चेकआउटचा इतिहास: वाचलेला वेळ कुणाच्या खात्यावर?

मागच्या व्याख्यानात आपण कंटिन्युअस इंटिग्रेशनची, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या सीआयची, सुरुवात पाहिली. प्रोग्रामरने बदल पाठवला की कुठल्या तरी यंत्रावर आपोआप बिल्ड सुरू होतो, चाचण्या चालतात, आणि शेवटी हिरवी किंवा लाल खूण उमटते. आज या साखळीच्या पहिल्या पायरीबद्दल बोलू. कोड आधी त्या यंत्रावर यावा लागतो. लॉगमध्ये ही पायरी 'चेकआउट' अशी दोन-चार ओळींत उरकलेली दिसते, त्यामुळे तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण रेपो मोठा असला तर चाचण्यांपेक्षा जास्त वेळ इथेच जाऊ शकतो. तो वाचवायला ज्या युक्त्या निघाल्या, त्यांचा इतिहास बराचसा 'याची टोपी त्याच्या डोक्यावर' असा आहे. वेळ वाचतो, हे खरं. पण त्याची किंमत बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यावर चढते.

एक खुलासा आधीच करून टाकू. आज कॅश हा शब्द वारंवार येईल. ती रोकड नव्हे. पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेला साठा, या अर्थाची कॅश. रोकडही येईल, पण नंतर.

सुरुवात १९७२ पासून करू. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. एका फाइलच्या साऱ्या आवृत्त्या त्यात एकाच ठिकाणी विणलेल्या असत. कुठलीही आवृत्ती हवी असो, आजची किंवा तीन वर्षांपूर्वीची, सगळी वीण वाचावी लागे. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस केलं, आणि त्यात एक साधा पण फार शहाणा निर्णय घेतला. मुख्य शाखेची ताजी आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि जुन्या आवृत्त्या 'ताजीपासून मागे जाताना काय बदलायचं' एवढ्या फरकांच्या रूपात ठेवायच्या. लोकांना बहुतेक वेळा ताजीच आवृत्ती लागते, म्हणून ती सगळ्यात लवकर मिळाली पाहिजे. चेकआउटचा वेग हा विचार धरून केलेली रचना आम्हाला इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. खर्च तेव्हाही होताच. जुनं उकरणाऱ्याला थांबावं लागे.

चेकआउट हा शब्दही तेव्हा अगदी ग्रंथालयातल्यासारखाच होता. फाइल आपल्या नावावर घ्यायची, कुलूप लावायचं, काम झालं की परत करायची. तोवर दुसऱ्याने वाट बघायची. पुढे सीव्हीएस आलं, मग २००४ मध्ये सबव्हर्जनची १.० आवृत्ती आली. आता एकेक फाइल न घेता अख्खं झाड नेटवर्कवरून यायला लागलं. सबव्हर्जन तर प्रत्येक फाइलची एक अस्पर्श प्रत लपवून शेजारी ठेवत असे, म्हणजे आपण काय बदललं हे सांगायला सर्व्हरकडे धावायला नको. जागा दुप्पट, फेऱ्या कमी. पण इतिहास मात्र सर्व्हरवरच राहायचा.

२००५ च्या एप्रिलमध्ये हे चित्र पालटलं. लिनक्स कर्नलसाठी वापरात असलेल्या बिटकीपरची मोफत परवानगी गेली आणि लायनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट उभं केलं. गिटमध्ये उसनं घेणं उरलंच नाही. क्लोन केला की पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास तुमच्या घरी. माणसाच्या दृष्टीने हा सौदा उत्तम होता, कारण क्लोन एकदाच करायचा, पुढे फक्त नवं तेवढं आणायचं. इथे 'माणसाच्या दृष्टीने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण बिल्ड करणारं यंत्र माणसासारखं वागत नाही.

सुरुवातीला मात्र ते बरंचसं माणसासारखंच वागायचं. हडसन, ज्याचं २०११ मध्ये जेन्किन्स झालं, त्याच्या काळात बिल्डचं यंत्र म्हणजे कोपऱ्यात ठेवलेला एक कायमचा संगणक. त्याची वर्कस्पेस काल होती, आजही आहे. नवे कमिट तेवढे ओढले की काम सुरू. ती वर्कस्पेस म्हणजेच कॅश होती, फक्त तिला तसं कुणी म्हणत नव्हतं. तिचा दोषही सगळ्यांना माहीत होता. मागच्या बिल्डची उरलीसुरली फाइल तिथे पडलेली असायची आणि तिच्या जोरावर आजचा बिल्ड पास व्हायचा. हा घोळ टाळायला लोक दर वेळी कोऱ्या जागेकडे वळले. २०१३ मध्ये डॉकर आलं, क्लाउडवर मिनिटांच्या हिशोबाने यंत्रं मिळू लागली, आणि 'वापरा आणि फेका' हाच शिरस्ता झाला. कोरं यंत्र म्हणजे कोरी डिस्क. म्हणजे प्रत्येक बिल्डला नव्याने पूर्ण क्लोन. जे आयुष्यात एकदा करायचं म्हणून रचलं होतं, ते दिवसाला हजारदा व्हायला लागलं. आजच्या विषयाची मूळ अडचण हीच.

पहिला उपाय गिटमध्ये तयारच होता: उथळ क्लोन. इतिहासातले शेवटचे अमुक इतकेच कमिट द्या, असं सांगायची सोय. ट्रॅव्हिस सीआयने ही खोली ५० ठेवली. गिटलॅबनेही २०१९ च्या जूनमध्ये, १२.० आवृत्तीत, नव्या प्रकल्पांसाठी ५० हाच आकडा धरला. गिटहब अ‍ॅक्शन्सची चेकआउट पायरी आधी सगळ्या शाखांचा सगळा इतिहास आणायची. २०१९ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती एकच कमिट आणू लागली. पन्नासच का, यामागे काही गणित असेल असं आम्हाला वाटत नाही. 'पुरावं' असा तो आकडा आहे. पुरायचा नाही तेव्हा गंमत व्हायची. बिल्ड रांगेत अडकायचा, तोवर शाखेवर पन्नासाहून जास्त कमिट पडायचे, आणि पाळी आली की यंत्र म्हणायचं, असा कमिट मला माहीतच नाही. शिवाय टॅग मोजून आवृत्तीचा क्रमांक ठरवणारे प्रकल्प अडायचे, कारण टॅगपर्यंत जाणारा इतिहासच कापलेला.

आणि खर्च? तो सर्व्हरकडे गेला. हे समजायला २०१६ मधलं कोकोपॉड्सचं प्रकरण पाहावं. आयफोनच्या अ‍ॅपसाठी लायब्रऱ्या पुरवणारा हा प्रकल्प आपली सूची गिटहबवरच्या एका रेपोत ठेवत असे, आणि प्रत्येक वापरणाऱ्याचं यंत्र तिचा उथळ क्लोन घेऊन तो पुन्हा पुन्हा ताजा करत असे. वाटायला हे सौम्य वागणं: आम्ही थोडंच मागतो. पण पूर्ण क्लोन मागितला की सर्व्हर आधीच बांधून ठेवलेला गठ्ठा जवळजवळ तसाच उचलून देऊ शकतो. अर्धवट इतिहास असलेला गिऱ्हाईक 'यापुढचं द्या' म्हणाला, की त्याच्याकडे नेमकं काय आहे आणि काय नाही याचा हिशोब सर्व्हरला मांडावा लागतो. त्यात त्या रेपोत एकाच फोल्डरखाली हजारो नोंदी. गिटहबने त्या रेपोवर वापराची मर्यादा घातली, कारणं खुलेपणाने समजावून सांगितली, आणि कोकोपॉड्सने उथळ क्लोन सोडून दिला. २०२० च्या अखेरीस होमब्रूच्या बाबतीतही हेच झालं. गिटहबच्या विनंतीवरून त्यांनी आपल्या दोन मोठ्या रेपोंचे उथळ क्लोन ताजे करणं बंद केलं. म्हणजे नियम असा निघतो: उथळ क्लोन घ्या, बिल्ड करा, फेकून द्या, हे ठीक. उथळ क्लोन जपून ठेवून रोज वाढवत बसा, हे सर्व्हरच्या मुळावर.

दुसरा उपाय आम्हाला जास्त आवडतो, कारण तो गिटच्या स्वभावाला धरून आहे. बिल्डच्या यंत्रावर रेपोची एक पूर्ण प्रत, मिरर म्हणा, कायम ठेवायची. नवा बिल्ड आला की त्याची वर्कस्पेस कोरीच करायची, पण तिला एका छोट्या फाइलमध्ये सांगून ठेवायचं की, बाबा, तुझ्याकडे नसलेल्या वस्तू शेजारच्या मिररमध्ये शोध. नेटवर्कवरून फक्त आज आलेले कमिट येतात. जागा स्वच्छ राहते आणि वेळही वाचतो. गिटमध्ये प्रत्येक वस्तूचं नाव तिच्या मजकुरावरूनच काढलेलं असतं, त्यामुळे अशी कॅश फार तर शिळी असेल. त्याच नावाने भलताच मजकूर सहजासहजी देऊ शकत नाही. लायब्रऱ्यांच्या किंवा बिल्डच्या कॅशबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही.

पण इथे यंत्र कायमचं लागतं, आणि ते सांभाळणारा माणूसही. दोन बिल्ड एकाच वेळी मिरर ताजा करायला गेले तर कुलपावर आपटतात. मिररमध्ये गिटची सफाई चालली आणि कुणाला नको म्हणून एखादी वस्तू पुसली गेली, तर तिच्यावर विसंबलेली वर्कस्पेस मोडते. म्हणून २०१५ मध्ये, २.३ आवृत्तीत, 'आधी उसनं घे, मग स्वतःची प्रत करून नातं तोड' असा पर्याय आला. २०२२ च्या एप्रिलमध्ये वेगळीच अडचण उभी राहिली. सुरक्षेतली एक फट बुजवण्यासाठी गिटने दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये काम करायला नकार द्यायला सुरुवात केली. कंटेनरमध्ये एक वापरकर्ता, बाहेर दुसरा, असं सीआयमध्ये सर्रास असतं. अनेक पाइपलाइनी त्यामुळे बंद पडल्या. नकार योग्य होता, हे आम्ही आजही म्हणू.

मिररबद्दल बोलताना केडीईची गोष्ट टाळता येत नाही. २०१३ च्या मार्चमध्ये केडीई प्रकल्पाच्या मुख्य गिट सर्व्हरची फाइलप्रणाली बिघडली. तिथे सुमारे १५०० रेपो होते. जगभर त्यांचे मिरर होते, तेव्हा काळजीचं कारण नाही असंच कुणालाही वाटलं असतं. पण मिरर इमानदार होते. मुख्य सर्व्हरवरून रेपोंची जी यादी आली ती बिघडलेली होती, आणि यादीत नाही म्हणजे पुसायचं, या नियमाने मिररांनी आपल्याकडचे रेपो पुसून टाकले. मिरर घेताना वस्तूंची पूर्ण तपासणीही होत नव्हती, त्यामुळे बिघाड गुपचूप पुढे सरकू शकत होता. मघाशी आम्ही म्हटलं की मजकुरावरून नाव ठरतं. पण ते नाव कुणी पडताळून पाहिलं तरच त्याचा उपयोग. एका सर्व्हरवर धड प्रत शिल्लक राहिली होती, म्हणून प्रकल्प वाचला. वेगासाठी ठेवलेली प्रत आणि जपणुकीसाठी ठेवलेली प्रत यांतला फरक तिथल्या लोकांनी फार जवळून पाहिला.

आता रोकड. २०२० च्या फेब्रुवारीत एक्स-डॉट-ऑर्गच्या मंडळाने जाहीर केलं की फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबचा खर्च त्या वर्षी सुमारे ७५ हजार डॉलरवर जाईल, आणि नवे प्रायोजक मिळाले नाहीत तर मे-जूनच्या सुमारास सीआय बंद करावं लागेल. लिनक्सच्या ग्राफिक्सचा मोठा भाग ज्या मेसा प्रकल्पावर उभा आहे, तो इथेच राहतो. खर्च कशाचा? मुख्यतः बिल्डमधून निघालेल्या फाइली आणि कंटेनरच्या प्रतिमा साठवण्याचा, आणि त्या बाहेरच्या यंत्रांना पाठवण्याचा. ही चाचणीची यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या जागी ठेवली होती. यंत्रं त्यांची, वीज त्यांची, पण क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बाइटचं बिल प्रकल्पाच्या नावावर. मग एकेक चीज शोधून गळती बुजवली गेली. मेसाने त्यात एक अगदी साधी युक्ती वापरली: रेपोचा गठ्ठा करून तो वेगळ्या साठ्यावर ठेवायचा, बिल्ड सुरू होताना क्लोनऐवजी आधी तो उतरवून उघडायचा, आणि मग गिटकडे फक्त उरलेला फरक मागायचा. देखणं काही नाही, पण हौशी माणसांच्या प्रकल्पाला असली युक्ती परवडते.

मायक्रोसॉफ्टकडे पैसा होता, त्यांनी उलटा रस्ता धरला. २०१७ मध्ये विंडोजचा कोड गिटमध्ये आला तेव्हा त्यात सुमारे ३५ लाख फाइली होत्या आणि आकार तीनशे जीबीच्या घरात. पूर्ण क्लोनला बारा तासांहून जास्त. त्यांनी फाइलप्रणालीच आभासी केली. फाइल दिसते, पण उघडेपर्यंत उतरत नाही. क्लोन काही मिनिटांवर आला, आणि दूरच्या कार्यालयांजवळ कॅश सर्व्हर बसवले. त्या अनुभवातून मूळ गिटमध्ये जे उतरलं, ते तुम्हाआम्हाला जास्त उपयोगी: अर्धा क्लोन. कमिट आणि फोल्डरांची रचना सगळी आणायची, फाइलींचा मजकूर लागेल तेव्हा मागायचा.

पण आमच्या मते सगळ्यात बोधक गोष्ट पिंटरेस्टची, आणि तिच्यात कॅश नाहीच. त्यांचा मुख्य रेपो २० जीबीचा. २०२० मध्ये त्यांच्या लक्षात आलं की जेन्किन्सच्या मांडणीत उथळ क्लोन आहे, टॅग वगळले आहेत, पण कुठल्या शाखा आणायच्या हे नीट सांगितलेलंच नाही. म्हणून दर वेळी सगळ्या शाखा येत होत्या. एक ओळ बदलली. ४० मिनिटांचा क्लोन ३० सेकंदांवर आला. तेव्हा कुणी आमच्याकडे कॅश कशी लावू असं विचारत आलं, तर आमचा पहिला प्रश्न असतो की तुम्ही मागता काय, ते एकदा वाचून पाहिलंय का? रेपो लहान असेल तर कॅशचा गठ्ठा उतरवून उघडायला उथळ क्लोनपेक्षा जास्त वेळ जातो, हेही आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

राहता राहिला विश्वासाचा प्रश्न. बाहेरच्या कुणी पाठवलेल्या बदलाचा बिल्ड जर सगळ्यांच्या कॅशमध्ये लिहू शकला, तर पुढच्या प्रत्येक बिल्डच्या घरात तो शिरला असं समजा. म्हणून गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये मुख्य शाखेची कॅश इतरांना वाचता येते, पण पुल रिक्वेस्टची कॅश तिच्यापुरतीच राहते. इथे वेग थोडा कमी होतो. होऊ द्यावा.

कोकोपॉड्स आणि होमब्रू यांचं पुढे काय झालं, हे सांगून प्रश्नांकडे वळू. कोकोपॉड्सने २०१९ मध्ये, १.८ आवृत्तीपासून, आपली सूची सीडीएनवरून साध्या फाइलींच्या रूपात द्यायला सुरुवात केली. होमब्रूने २०२३ च्या फेब्रुवारीत, ४.० आवृत्तीत, तेच केलं: सूची आता जेसनमध्ये येते, आणि नुसतं काही इन्स्टॉल करायचं असेल त्याला तो मोठा रेपो क्लोन करावाच लागत नाही.