बर्फ वितळताना एका दिवसात अनेक शिखरे : प्रेसिडेन्शियल रांगेतील पदभ्रमण

अमेरिकेच्या ईशान्य भागातील न्यू हॅम्पशायर राज्यात व्हाइट माउंटन्स हा पर्वतीय प्रदेश असून, त्यातील सर्वांत उंच रांग प्रेसिडेन्शियल रेंज या नावाने ओळखली जाते. या रांगेतील प्रमुख शिखरे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिवसात पायी पार करण्याचा उपक्रम तेथील गिर्यारोहकांमध्ये सुपरिचित आहे. उन्हाळ्यात हा उपक्रम शक्तीची कसोटी मानला जातो, तर हिवाळ्यात तो मोजक्या अनुभवी गिर्यारोहकांपुरता मर्यादित असतो. या दोहोंमधील, बर्फ वितळण्याचा एप्रिल-मे महिन्यांचा काळ मात्र फसवा ठरतो. खाली दरीत पालवी फुटलेली असते आणि त्याच दिवशी माथ्यावर हिवाळा ठाण मांडून असतो.

रांग आणि मार्ग

या रांगेतील सर्वोच्च शिखर माउंट वॉशिंग्टन १,९१७ मीटर उंच असून ते ईशान्य अमेरिकेतील सर्वांत उंच शिखर आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना मॅडिसन, ॲडम्स, जेफरसन, क्ले, वॉशिंग्टन, मन्रो, फ्रँकलिन, आयझेनहॉवर आणि पिअर्स अशी शिखरे लागतात. काही जण त्यात जॅक्सन व वेब्स्टर या दक्षिणेकडील शिखरांचीही भर घालतात. यांपैकी अनेक शिखरांना १८२० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नावे देण्यात आली आणि त्यावरूनच रांगेचे नाव रूढ झाले. मात्र सर्वच नावे राष्ट्राध्यक्षांची नाहीत. जॅक्सन हे शिखर भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स जॅक्सन यांच्या नावाने ओळखले जाते. फ्रँकलिन, क्ले आणि वेब्स्टर हेही राष्ट्राध्यक्ष नव्हते.

निवडलेल्या वाटेनुसार हे अंतर सुमारे ३० ते ३७ किलोमीटर भरते आणि एकूण चढाई २,५०० मीटरहून अधिक होते. उत्तरेकडून निघाल्यास मॅडिसनच्या माथ्यापर्यंत पहिल्या ७ किलोमीटरांतच सुमारे १,२०० मीटर चढावे लागते. त्यानंतर पिअर्सपर्यंतचे सुमारे १८ किलोमीटरांचे अंतर बहुतांशी वृक्षरेषेच्या वर, उघड्या खडकाळ धारेवरून कापावे लागते. या टप्प्यात वाऱ्यापासून आडोसा जवळजवळ नाही.

वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे उतरणारी क्रॉफर्ड पाथ ही वाट १८१९ मध्ये एबल क्रॉफर्ड आणि त्यांचे पुत्र ईथन यांनी तयार केली. सतत वापरात असलेल्या अमेरिकेतील पदभ्रमण मार्गांमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते.

उंची कमी, हवामान कठोर

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे मॅडिसनपेक्षा किंचित अधिक. केवळ आकडे पाहिल्यास प्रेसिडेन्शियल रांग सह्याद्रीच्या बरोबरीची वाटेल. परंतु ही रांग ४४ अंश उत्तर अक्षांशावर असून अनेक वादळांचे मार्ग तिच्यावरून किंवा तिच्या जवळून जातात. परिणामी सुमारे १,४०० मीटर उंचीच्या वर वृक्ष तग धरू शकत नाहीत.

वॉशिंग्टनच्या माथ्यावरील हवामान वेधशाळा १९३२ मध्ये स्थापन झाली. १२ एप्रिल १९३४ रोजी, म्हणजे वसंत ऋतूतच, तेथे ताशी ३७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली. ऑस्ट्रेलियातील बॅरो बेटावर १९९६ मध्ये चक्रीवादळात याहून अधिक वेग नोंदवला जाईपर्यंत हा जागतिक उच्चांक अबाधित होता. माथ्यावर वर्षाकाठी सरासरी सुमारे ७ मीटर बर्फ पडतो. एप्रिलमध्ये तेथील सरासरी तापमान शून्याच्या खालीच असते आणि मे महिन्यातही ते शून्याच्या थोडेच वर जाते.

बर्फ वितळण्याची प्रक्रिया

शून्य अंशावरील एक किलो बर्फ वितळवण्यासाठी लागणारी उष्णता तेवढेच पाणी शून्यापासून सुमारे ८० अंशांपर्यंत तापवण्यास पुरेशी असते. त्यामुळे हवेतील उष्मा वाढला तरी बर्फ लगेच नाहीसा होत नाही. ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग परावर्तित करतो. तो जुना व ओला झाला की अधिक ऊन शोषून घेतो आणि वितळण्याचा वेग वाढतो. निरभ्र रात्री पृष्ठभागातील उष्णता आकाशात निघून जाते आणि ओला थर पुन्हा गोठतो. ढगाळ रात्री मात्र हे गोठणे अपुरे राहते.

या दैनंदिन चक्राचा पदभ्रमणावर थेट परिणाम होतो. पहाटे बर्फ कठीण असतो. त्यावरून भरभर चालता येते, परंतु उतारावर पाय निसटण्याचा धोका असतो. दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि प्रत्येक पावलाला पाय गुडघ्यापर्यंत, क्वचित मांडीपर्यंत रुततो. सायंकाळी तो पुन्हा घट्ट होऊ लागतो. एका दिवसात अनेक शिखरे करणाऱ्याला या तिन्ही अवस्थांतून जावे लागते.

जंगलातील वाटांवर आणखी एक प्रकार आढळतो. हिवाळाभर पावलांखाली दाबला गेलेला बर्फ आजूबाजूच्या मोकळ्या बर्फापेक्षा उशिरा वितळतो. त्यामुळे वाटेच्या मधोमध बर्फाचा अरुंद, निसरडा कणा उरतो आणि दोन्ही बाजूंना खोल, पोकळ बर्फ असतो. या कण्यावरून तोल गेल्यास पाय खोल रुततो व गुडघा किंवा घोटा दुखावण्याची शक्यता असते.

ओढे, घळी आणि पोकळ बर्फ

वितळलेल्या पाण्यामुळे ओढ्यांची पातळी दुपारनंतर वाढत जाते. सकाळी दगडांवर पाय ठेवून सहज ओलांडलेला ओढा परतताना दुथडी भरून वाहत असू शकतो. पाऊस आणि वितळता बर्फ एकत्र आल्यास ही वाढ अधिक झपाट्याने होते. हे पाणी शून्याच्या जवळपास थंड असल्याने त्यात काही मिनिटे उभे राहिल्यासही पायांची संवेदना कमी होते.

वॉशिंग्टनच्या पूर्व अंगावरील टकरमन घळ वसंत ऋतूतील स्कीइंगसाठी प्रसिद्ध आहे. तेथे या काळात तीन धोके प्रामुख्याने सांगितले जातात. कड्यांना चिकटलेले बर्फाचे मोठे तुकडे उन्हाने सुटून खाली कोसळतात. साचलेला बर्फ खडकापासून अलग होऊन भेगा पडतात. आणि वाहत्या पाण्यामुळे बर्फाचा थर आतून पोकळ होतो. वरून अखंड दिसणारा हा थर माणसाच्या वजनाने ढासळू शकतो. तीव्र उतारांवर ओल्या बर्फाचे हिमस्खलनही संभवते. लांबच्या पदभ्रमणात थकलेल्या व्यक्तीने अशा घळीतून उतरण्याचा जवळचा मार्ग निवडणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

वेळेचे गणित

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आजही वापरला जातो. त्यानुसार दर ५ किलोमीटर अंतरास एक तास आणि दर ६०० मीटर चढाईस आणखी एक तास धरावा. ३५ किलोमीटर अंतर आणि २,७०० मीटर चढाई यांसाठी हे उत्तर साडेअकरा तास येते. त्यात विश्रांती, जेवण, खडकाळ वाटेवरील मंद गती आणि बर्फ यांचा समावेश नाही.

मे महिन्याच्या मध्यास येथे सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ १४ तासांहून थोडा अधिक असतो. मऊ बर्फात गती निम्म्यावर आली, तर दिवसाचा प्रकाश अपुरा पडतो. त्यामुळे पहाटे अंधारातच निघणे आणि डोक्याला बांधण्याचा दिवा जवळ असणे आवश्यक ठरते.

आडोशाच्या दृष्टीनेही हा काळ अवघड आहे. मॅडिसन आणि मन्रो या शिखरांजवळ ॲपलॅशियन माउंटन क्लबची निवासस्थाने आहेत. ती साधारणतः जूनपासून सुरू होतात. त्यापूर्वी तेथे भोजन वा मुक्काम मिळत नाही. मन्रोजवळील लेक्स ऑफ द क्लाउड्स येथे तळाशी केवळ आपत्कालीन आसऱ्याची एक खोली आहे.

परतीच्या वाटांचा विचारही आधीच करावा लागतो. ज्युएल व ॲमोनूसक या वाटा पश्चिमेकडे उतरतात. मात्र वारा बहुधा त्याच दिशेने येत असल्याने तो तोंडावर घेऊन चालावे लागते, आणि ॲमोनूसक वाटेवर तीव्र निसरडा उतार व ओढे आहेत. पूर्वेकडे उतरल्यास वारा पाठीशी राहतो, पण ती वाट ग्रेट गल्फ या निर्जन दरीत, रस्त्यापासून दूर नेते.

दुर्घटनांचा इतिहास

१८४९ पासून माउंट वॉशिंग्टन व परिसरातील शिखरांवर दीडशेहून अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला आहे. घसरून पडणे, हिमस्खलन आणि थंडीमुळे शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाणे, म्हणजेच हायपोथर्मिया, ही त्यांतील प्रमुख कारणे आहेत. हायपोथर्मियासाठी कडाक्याची थंडी लागतेच असे नाही. शून्याच्या थोडे वरचे तापमान, भिजलेले कपडे आणि जोराचा वारा एवढेही त्यास पुरेसे असते. बर्फ वितळण्याच्या दिवसांत या तिन्ही गोष्टी सहज एकत्र येतात.

३० जून १९०० रोजी विल्यम कर्टिस आणि ॲलन ऑर्म्सबी हे दोघे क्लबच्या बैठकीसाठी क्रॉफर्ड पाथने वॉशिंग्टनच्या माथ्याकडे निघाले होते. वाटेत त्यांना बर्फाळ वादळाने गाठले. ६३ वर्षांचे कर्टिस नामवंत क्रीडापटू होते आणि दोघेही कणखर समजले जात. तरीही ते माथ्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. या घटनेनंतर १९०१ मध्ये त्या वाटेवर निवारा बांधण्यात आला आणि पुढे १९१५ मध्ये लेक्स ऑफ द क्लाउड्स येथील निवासस्थान उभे राहिले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅडिसन, ॲडम्स, जेफरसन व वॉशिंग्टन ही चार शिखरे एका दिवसात करण्यास निघालेल्या एका महिला गिर्यारोहकाचा मॅडिसन व ॲडम्स यांच्या दरम्यान मृत्यू झाला. त्यांच्याजवळ चांगली साधने होती आणि पर्वतांचा अनुभवही होता. या दोन्ही घटना वसंत ऋतूतील नसल्या, तरी हवामान बिघडत असताना पुढे चालत राहण्याचा निर्णय किती महागात पडू शकतो, हे त्यांतून दिसते. पुढचे शिखर डोळ्यांसमोर असताना मागे फिरणे मनाला जड जाते. म्हणूनच कोणत्या ठिकाणी किती वाजेपर्यंत न पोहोचल्यास परतायचे, हे घरून निघतानाच ठरवावे असे सुचवले जाते.

साधने आणि जबाबदारी

या काळात बुटांना लावण्याचे काटे, मऊ बर्फासाठी स्नोशूज, तीव्र उतारांसाठी आइस ॲक्स, जलरोधक पोशाख आणि लोकरीचे वा कृत्रिम धाग्याचे कपडे आवश्यक मानले जातात. सुती कपडे ओले झाल्यावर ऊब देत नाहीत. मोज्यांचा कोरडा जोड, नकाशा, होकायंत्र आणि पुरेसे अन्नही हवे. बर्फाने वाटेवरील खुणा झाकलेल्या असल्याने धुक्यात केवळ मोबाइलवर विसंबणे योग्य नाही.

न्यू हॅम्पशायरमध्ये बचावकार्याची जबाबदारी राज्याच्या फिश अँड गेम विभागाकडे असून, त्यात अनेक स्वयंसेवी पथके सहभागी होतात. निष्काळजीपणामुळे बचावाची वेळ आल्यास संबंधित व्यक्तीकडून खर्च वसूल करण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे.

नाजूक वनस्पतिजीवन

वृक्षरेषेच्या वरील प्रदेशात जमिनीलगत वाढणाऱ्या दुर्मीळ वनस्पती आहेत. मन्रोजवळ आढळणारे रॉबिन्स सिंकफॉइल हे पिवळ्या फुलांचे इवलेसे रोप १९८० मध्ये संकटग्रस्त म्हणून जाहीर झाले होते. तेथून जाणारी वाट दुसरीकडे वळवण्यात आली, रोपांची पुनर्लागवड झाली आणि २००२ मध्ये हे रोप त्या यादीतून वगळण्यात आले.

बर्फ वितळताना माती पाण्याने संपृक्त असते आणि एका पावलानेही तिची मोठी झीज होते. चिखल टाळण्यासाठी वाटेच्या कडेने चालल्यास वाट रुंदावते व झाडोरा मरतो. म्हणून बर्फ किंवा चिखल असला तरी वाटेच्या मधूनच जावे, असा संकेत आहे. जवळच्या न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक पर्वतांत तर सुमारे ७६० मीटरपेक्षा उंच वाटा कोरड्या होईपर्यंत टाळाव्यात, असे आवाहन प्रशासनाकडून वसंत ऋतूत केले जाते.

हिमालयातील साम्य

महाराष्ट्रातून मे-जून महिन्यांत हिमालयात जाणाऱ्या पदभ्रमण करणाऱ्यांना यांतील बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील. उंची व विस्तार वेगळा असला, तरी तेथेही सकाळी कठीण आणि दुपारी रुतणारा बर्फ, दुपारनंतर फुगणारे नाले आणि बर्फाचे पोकळ पूल यांच्याशी गाठ पडते. खिंड सकाळीच ओलांडून दुपारपूर्वी खाली उतरण्याची तेथील वाटाड्यांची पद्धत याच निरीक्षणावर आधारलेली आहे. प्रेसिडेन्शियल रांगेत एका दिवसात नऊ शिखरे करू पाहणाऱ्याला दुपारपूर्वी उतरणे शक्य नसते. त्यामुळे निघण्यापूर्वी माथ्यावरील वेधशाळेचा त्या दिवसाचा अंदाज पाहणे आणि तो प्रतिकूल असल्यास बेत पुढे ढकलणे, हीच त्याच्यासाठी पहिली खबरदारी ठरते.