डबलसीट लांब जायचं तर गाडी कोणती घ्यावी? आधी मागे बसणाऱ्याला विचारा

दसरा-पाडवा जवळ आला की तालुक्याच्या गावातल्या शोरूमला गर्दी होते. घरचा कर्ता दोन मित्रांना घेऊन जातो, ॲव्हरेज विचारतो, हप्ता ठरवतो, रंग पसंत करतो. पुढची सात-आठ वर्षे जिला मागच्या सीटवर बसून माहेरी, दवाखान्यात, देवदर्शनाला जायचे आहे ती मात्र घरीच असते. गाडी दारात आल्यावर कळतं की मागे नीट बसताच येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, तिला बरोबर न्यावे. तेही नेहमीच्या साडीत. ट्रायल एकट्याने मारण्यात अर्थ नाही. दोघांनी मिळून वीस मिनिटे, दोन-चार स्पीडब्रेकर आणि थोडा खडबडीत रस्ता असा फेरफटका मारावा.

मागची सीट लांब, रुंद आणि सपाट हवी. स्पोर्ट गाड्यांची मागची सीट वेगळी, उंच आणि अरुंद असते. बसणाऱ्याचे गुडघे दुमडतात, ब्रेक दाबला की तो पुढे घसरतो आणि खड्ड्यात उडतो. सोलापूर ते तुळजापूर 45 किलोमीटर कसेबसे निभते, पण पुण्याला 250 किलोमीटर जायचं म्हटलं तर कंबर राहत नाही. फार मऊ सीटलाही भुलू नये. तासाभरात फोम दबतो आणि खालचा पत्रा टोचू लागतो.

आपल्याकडे बऱ्याच बाया एका अंगाला बसतात. अशा वेळी सगळा भार डावीकडे येतो आणि धरायला एकच हात मोकळा राहतो. त्यामुळे मागची पकड मजबूत हवी, दोन्ही पाय टेकतील अशी पट्टी हवी आणि साडीगार्ड तर हवेच हवे. पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे गार्ड या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 123 नुसार बंधनकारक आहेत. तरी काही पोरं दिसायला बरं म्हणून गार्ड काढून टाकतात. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर बाई गाडीवरून ओढली जाते, गळ्याला फास बसतो. शक्य असेल तिथे ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणेच बरे.

आता वजनाचा हिशोब. नवरा 70 किलो, बायको 60, पिशवी 15, म्हणजे 145 किलो झाले. स्प्लेंडर प्लस स्वतः साधारण 112 किलोची. गाडीपेक्षा ओझं जास्त! रोजच्या शेताच्या फेरीला तिच्यासारखी गाडी नाही, पण घाटात उसाच्या दोन ट्रॉल्या ओलांडताना तिचा दम निघतो. 350 सीसीची क्लासिक 195 किलोची आहे. तिचा टॉर्क 27 न्यूटन मीटर, तर स्प्लेंडरचा 8 च्या आसपास. डबलसीट प्रवासात हा फरक जाणवतो. मात्र पेट्रोल जवळपास दुप्पट लागतं आणि वाड्याच्या बोळात ती वळवताना घाम फुटतो. वर्षातून दोनदाच लांब जाणाऱ्याने 125 ते 160 सीसीची, लांब सीटची साधी गाडी घेतली तरी पुष्कळ आहे.

चालवणाऱ्याची उंची कमी असेल तर सीटची उंची बघावीच. मागचा माणूस डाव्या फूटरेस्टवर पाय देऊन चढतो तेव्हा गाडी डावीकडे ओढली जाते, आणि पाय जमिनीला पुरला नाही तर दोघेही आडवे. क्लासिकची सीट 805 मिलिमीटरवर, मिटिअरची 765 वर. चार सेंटिमीटरने बराच फरक पडतो.

गाडी जुनीच असेल तर फुकटातला एक उपाय आहे. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या शॉकअपला पाच-सहा खाचा असतात. डबलसीट निघताना एक-दोन खाचा कडक कराव्यात. मागच्या चाकात हवाही जास्त लागते. आकडा चेन कव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. हवा भरणाऱ्याला अंदाजे भरायला लावू नये.

हेल्मेट दोन घ्यावीत. चार वर्षांवरील मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे. आणि समृद्धी महामार्ग किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे धरून जायचा बेत असेल तर तो आधीच बदलावा, तिथे दुचाकीला मनाई आहे.